वाघळांचं खत, नाडेपचं टाकं

खत घ्यायला येणारा माणूस आधी जोराची चौकशी करतो. "याच्यात ताकद किती?" आमच्या महिला बचत गटाचं कंपोस्ट न्यायला महागावच्या आजूबाजूच्या गावांतून शेतकरी येतात. त्यात वटवाघळांची लेंडी मिसळलेली असते हे कळलं की काहींना ते खत नकोसं होतं, आणि काहींना उलट निव्वळ लेंडीच हवी असते. दोघांनाही मी बसवून घेते, चहा देते आणि मग टाक्याजवळ नेऊन सगळं दाखवते. या कामात इतकी वर्षं हात घातल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. वाघळांचं खत हे विरजण आहे. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं, पण पातेल्यात दूधच नसेल तर विरजणाचा काय उपयोग? आमच्या जमिनीत आज टंचाई आहे ती दुधाची, म्हणजे काडीकचऱ्याची, शेणाची, सेंद्रिय कर्बाची.

आमचा तालुका पूस नदीच्या काठाचा. पुसदकडून येणारी ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. नदीकाठी काळी, भारी जमीन आणि चढावर मुरमाड, हलकी. कपाशी, सोयाबीन, तूर ही आमची मुख्य पिकं. विहिरीला पाणी असेल तिथे हळद आणि ऊस. माझ्या लहानपणी दर घरी बैलजोडी, दोन-चार गाई आणि गोठ्यामागे उकिरडा असायचा. ट्रॅक्टर आले, चराईची जागा आटली आणि गोठे रिकामे झाले. शेण कमी झालं ते कायमचंच. कपाशी निघाली की पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून पेटवून द्यायची रीत मात्र चालूच राहिली. माती परीक्षणाची पत्रिका हातात पडते तेव्हा सेंद्रिय कर्बापुढे 'कमी' हा शेरा ठरलेला असतो. जी जमीन दरवर्षी देते आणि जिला आपण दरवर्षी धूर परत करतो, तिच्या पत्रिकेत दुसरं काय येणार?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येकांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वर्षी आमच्या गावातल्या बायका पहिल्यांदा शेतीच्या खर्चाबरोबर शेतीतल्या जिवाच्या जोखमीबद्दल उघड बोलू लागल्या. फवारणीचं पाणी भरून देणाऱ्या आम्हीच, आणि फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्याही आम्हीच. गटाच्या बैठकीत ठरलं की निदान खत तरी आपल्या हातचं करायचं. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. नाडेप पद्धत आमच्या शेजारच्या पुसदची. नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती देशभर ओळखली जाते. थोड्या शेणात भरपूर खत हा तिचा गाभा, आणि आमची अडचण नेमकी तीच होती.

नाडेपचं टाकं विटांचं असतं. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं सोडलेली, म्हणजे हवा आत खेळती राहते. साधारण 14 ते 15 क्विंटल काडीकचरा, 100 किलोच्या आसपास शेण, 17 क्विंटलच्या घरात चाळलेली माती आणि भिजेल एवढं पाणी. आधी काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर. असे थर चढवत जायचे. टाकं एक-दोन दिवसांत भरून संपवायचं आणि वरून शेणमातीने लिंपायचं. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. भेगा पडल्या की बुजवायच्या. साडेतीन-चार महिन्यांनी त्यातून तीन टनांच्या आसपास खत निघतं, काळंभोर, मोकळं, पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाचं.

अडचण होती ती पऱ्हाटीची. सोयाबीनचं कुटार लवकर कुजतं, तुरीचा पालाही कुजतो. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. कुट्टी करून टाकली तरी ती महिनोन्महिने तशीच राहते. कारण सरळ आहे. कुजवणारे जिवाणू कर्बावर जगतात, पण त्यांचं स्वतःचं शरीर बांधायला त्यांना नत्र लागतं. पऱ्हाटीत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. शेणखतातही नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणून काही जण टाक्यात युरिया टाकतात. आम्हाला तो टाळायचा होता. तेव्हा गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "वाड्यातली वाघळाची लेंडी काहून नाही टाकत? माही सासू वांग्याले टाकत होती."

गावात एक पडका वाडा आहे. त्याच्या माळवदाखाली लहान, किडे खाणारी वाघळं राहतात. नाल्याकाठच्या जुन्या चिंचांवर मोठी, फळं खाणारी वाघळं लटकलेली असतात. दोन्हींच्या विष्ठेत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. वाड्यातली लेंडी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळपट, कोरडी. वरवर पाहिलं तर उंदराची वाटते. पण हातमोजा घालून दोन बोटांत चुरडली की तिचा भुगा होतो, आणि उजेडात धरला तर त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे बारीक तुकडे चमकतात. उंदराची लेंडी अशी चुरडत नाही, ती कडक असते. चिंचेखाली पडते ती विष्ठा वेगळी, ओली, पसरट, उंबराच्या आणि वडाच्या बियांनी भरलेली. तिच्याबरोबर चोथ्याच्या चपट्या गोळ्याही पडतात, कारण मोठी वाघळं फळ चावून रस गिळतात आणि चोथा थुंकून देतात.

किडेखाऊ वाघळांच्या ताज्या, कोरड्या लेंडीत नत्राचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास भरतं. स्फुरद आणि पालाशही असतं, पण कमी. वर्षानुवर्षं गुहेत साचलेल्या जुन्या थरांत नत्र उडून किंवा झिरपून गेलेलं असतं आणि स्फुरद उरतं. फळखाऊ वाघळांच्या विष्ठेची तऱ्हा आणखी निराळी. त्यामुळे 'वाघळाचं खत' असं एकच नाव घेऊन त्याचं प्रमाण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कोणत्या वाघळाचं, किती जुनं, कोरड्या जागेतलं की पावसात भिजलेलं, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

इतकं नत्र म्हटल्यावर ते थेट पिकाच्या बुडाशी टाकायचा मोह होतो. तो आवरावा. कोवळ्या रोपाच्या मुळाशी ताजी लेंडी पडली तर पानांच्या कडा करपतात. अमोनियाचा भपकारा नाकाला झोंबतो, तो मुळांनाही सोसत नाही. शिवाय जे नत्र हवेत उडून जातं ते आपल्या शेताचं राहत नाही. टाक्यात मात्र तीच लेंडी पऱ्हाटीला कुजवते, तिचं नत्र जिवाणूंच्या अंगात अडकतं आणि पुढे सावकाश पिकाला मिळतं. एका टाक्याला एखाद-दोन घमेली लेंडी आम्ही शेणकाल्यात भिजवून थराथरांतून देतो. तिने टाकं लवकर तापतं आणि एरवी दाद न देणारी पऱ्हाटी बोटांनी मोडू लागते.

आता धोक्याबद्दल. गटात नवी बाई आली की मी आधी हेच सांगते, खताचे फायदे नंतर. सेंद्रिय म्हणजे निर्धोक नव्हे. वाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. सुकी लेंडी झाडताना धूळ उडते, तिच्याबरोबर बुरशीचे बीजाणू श्वासातून फुप्फुसात जातात. ताप, खोकला, छातीत दुखणं अशी लक्षणं दिसतात आणि कधी कधी तो आजार क्षयासारखा भासतो. म्हणून सुक्या लेंडीला झाडू लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. आधी झारीने पाणी शिंपडायचं, लेंडी ओलसर झाली की फावड्याने हळूच गोळा करायची. तोंडावर एन-95 मास्क, हातात रबरी मोजे, पायात गमबूट. पदर बांधून भागत नाही. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. जिला दमा आहे किंवा जी बाई गरोदर आहे, तिने या कामाला यायचंच नाही. टाकं भरताना आणि तयार खत चाळतानाही मास्क काढायचा नाही.

चिंचेखालच्या विष्ठेबाबत आम्ही आणखी कडक आहोत. केरळात कोझिकोड भागात 2018 साली निपाहचा उद्रेक झाला, आणि तो विषाणू मोठ्या फळखाऊ वाघळांमध्ये वास करतो हे सिद्ध झालेलं आहे. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 मध्ये घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या खुणा आढळल्या. म्हणून वाघळाने अर्धवट खाल्लेलं, दात लागलेलं फळ मुलांनी उचलायचं नाही, गुरांपुढेही टाकायचं नाही. चिंचेखालची विष्ठा आम्ही भाजीपाल्याला कधीच देत नाही. ती बियांसकट झाडांच्या रोपवाटिकेच्या वाफ्यावर जाते आणि त्यातून उंबराची, वडाची रोपं आपोआप उगवतात.

गोळा करण्याचीही वेळ असते. वाड्यात आम्ही जातो ते दिवेलागणीनंतर, वाघळं चरायला बाहेर पडली की. कपाळाला बॅटरी, हातात काठी, कारण माळवदाखाली सापही असतात. काम थोडक्यात आणि न बोलता उरकायचं. पिल्लं असण्याच्या दिवसांत वाड्यात पाऊलच टाकायचं नाही. वाघळाची मादी वर्षाला सहसा एकच पिल्लू देते. दचकून पिल्लू खाली पडलं तर त्या मादीचं वर्ष गेलं. चिंचांखाली खताच्या रिकाम्या गोण्या उसवून शिवलेलं तळवट सकाळी अंथरतो आणि संध्याकाळी वाघळं उडून गेल्यावर उचलतो. झाडावर दगड मारायचा नाही, फटाका वाजवायचा नाही, धूर करायचा नाही. जे खाली पडलं तेच आपलं.

हळदीवर या खताचा गुण मी जवळून पाहिला आहे. हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते, त्यामुळे तिला एकदम भरभरून देण्यापेक्षा थोडं थोडं आणि लांबवर मिळालेलं मानवतं. लागवडीआधी गादीवाफ्यात कंपोस्ट आणि भरणीच्या वेळी दुसरा हात, अशी आमची पद्धत. भरणीच्या खतात ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत ओलसर ठेवतो आणि मगच टाकतो, कंदकुजीला आळा बसावा म्हणून. काढणीच्या वेळी कुदळीखालची माती सांगते काय झालं ते. पूर्वी ढेकळं फोडून कंद सोडवावे लागत. आता गड्डा उपटला की माती आपोआप झडते, मुळांभोवती गांडुळं दिसतात, आणि पाळी चुकली तरी वाफ्यात ओल टिकून राहते. लेंडीतल्या नत्राचं हे काम नव्हे. हे काम टाक्यातल्या पंधरा क्विंटल काडीकचऱ्याचं, जे लेंडीमुळे कुजू शकलं.

गावातल्या एका तरुण पोराने एकदा मोबाइल पुढे धरला. "काकू, हे पाय, परदेशात तुमचं खत गांजाच्या कुंडीले टाकतात, लय भाव आहे त्याले." खरं आहे. ज्या देशांत गांजाच्या लागवडीला कायद्याची परवानगी आहे, तिथले कुंडीत पीक घेणारे लोक फुलोऱ्याच्या काळात स्फुरदाचं प्रमाण जास्त असलेलं जुन्या गुहांतलं खत पसंत करतात आणि त्याचा मोठा बाजार झाला आहे. इंग्रजी अमलात आपल्या शेजारच्या निमाडात, खांडव्याकडे, परवान्यावर गांजा पिकायचा. पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 20 नुसार आज आपल्याकडे गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या ओळीत चार झाडं लपवून लावली तरी गुन्हा तोच. त्या पोराला मी हे समजावून सांगितलं आणि त्याच्या हाती फावडं दिलं. मातीतलं नत्र-स्फुरद हळदीलाही तितकंच लागू पडतं, आणि हळद उजळ माथ्याने बाजारात नेता येते. आज तोच पोरगा आमच्या गटाची कुट्टी करून देतो.

बाजाराची मला भीती वाटते ती मात्र वेगळ्या कारणाने. पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या चिंचा नावाच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे अनेक मीटर उंच डोंगर साचलेले होते. 1840 नंतर युरोप-अमेरिकेच्या शेतीसाठी ते खणून जहाजांनी नेलं गेलं. खणायला चीनमधून करारावर आणलेले मजूर होते, त्यांचे अतोनात हाल झाले. त्या खतावरून 1864 ते 1866 दरम्यान स्पेनशी युद्धही झालं. हजारो वर्षांत साचलेला तो ठेवा तीस-पस्तीस वर्षांत संपला. पुढे 1909 मध्ये पेरूने पक्ष्यांना संरक्षण देऊन, बेटांना विश्रांती देत, मोजून खत काढायची व्यवस्था लावली, तेव्हा कुठे पक्षी पुन्हा वाढले. थायलंडमध्ये रात्चबुरीजवळच्या खाओ चोंग फ्रान गुहेतलं वाघळांचं खत बौद्ध मंदिराच्या देखरेखीखाली निघतं आणि विकलं जातं. तिथे खताचं उत्पन्न टिकलं आहे, कारण वाघळांना राखणारं कुणीतरी आहे. जिथे राखणदार नसतो तिथे आधी खत संपतं आणि मग वाघळं.

आणि वाघळांचं खरं देणं लेंडीपुरतं नाही. अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण भागातल्या कपाशीवर 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली वाघळं बोंडअळीचे पतंग खातात, आणि त्यामुळे वाचलेलं पीक आणि वाचलेली फवारणी मिळून त्या भागाला वर्षाला सुमारे 7 लाख 41 हजार डॉलरचा फायदा होतो, असा हिशोब संशोधकांनी मांडला. आमच्या वाड्यातली वाघळं तिन्हीसांजेला बाहेर पडतात ती थेट कपाशीवर आणि हळदीवर घिरट्या घालत. त्यांच्या लेंडीत चमकणारे ते पंखांचे तुकडे म्हणजे आमच्याच शेतावरचे किडे आहेत. मोठी वाघळं नाल्याकाठी उंबर-वडाचं बी पेरत जातात. ज्या जिल्ह्यात फवारणीने माणसं मेली, त्या जिल्ह्यात रात्रभर फुकट राबणाऱ्या या जिवांना अपशकुनी म्हणून हाकलणं मला पटत नाही.

तरीही त्यांची घरं रोज कमी होत आहेत. नागपूर–तुळजापूर महामार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. पडके वाडे पाडून स्लॅबची घरं उभी राहत आहेत. करोनाच्या काळात भीतीपोटी वाघळांची झाडं तोडायची भाषा ठिकठिकाणी सुरू झाली. आमच्याही चिंचांवर कुऱ्हाड चालवायची गोष्ट निघाली होती. आम्ही बायका ग्रामसभेत बसलो आणि एवढंच सांगितलं की झाड तोडलं तर वाघळं नाहीशी होत नाहीत, ती घराघरांच्या जवळ येतात. धोका टाळायचा असेल तर झाड त्यांचं आणि अंगण आपलं, एवढं अंतर राखा. चिंचा उभ्या राहिल्या. फळखाऊ वाघळांना जुन्या वन्यजीव कायद्यात उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलेलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली गेली. कायद्याने जुनी नजर बदलली आहे, आता गावाने बदलायची आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींना माझं सांगणं आहे. वाघळाच्या खताची पाकिटं मागवण्याआधी या उन्हाळ्यात पऱ्हाट्या पेटवणं थांबवा आणि एक नाडेपचं टाकं बांधा. तुमच्या शिवारात वाघळांचं झाड किंवा वाडा असेल तर मास्क आणि मोज्यांशिवाय तिकडे फिरकू नका, आणि पडलेलं सोडून काही घेऊ नका. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत उभं राहून ती नोंदवही मागा आणि आपल्या वाघळांच्या झाडाची नोंद तिच्यात करून घ्या.